एक रेघ कमी

सिचुआनच्या डोंगराळ भागात छुए-यी नावाची एक टेकडी आहे. नावाचा अर्थ 'एक कमी'. नुसती पाहिली तर तिथे काहीच कमी दिसत नाही. धुके भरपूर, पायऱ्या भरपूर, पायऱ्या मोजत धापा टाकणारे प्रवासी भरपूर, आणि अगदी माथ्यावर चहाची सतरा जुनी झाडे. झुडपे नव्हेत, झाडे. पाने खुडायला शिडी लावावी लागते.

पायथ्याशी पुरुषभर उंचीची एक शिळा आहे. तिच्यावर एकच अक्षर कोरलेले आहे, चहाचे. चिनी लिपीत बहुधा एका अक्षरात शब्द होतो, त्यामुळे कोरणाऱ्याचे काम लवकर आटोपते. या अक्षराचे तीन मजले आहेत. वर गवत, त्याखाली दोन्ही पाय फाकून उभा असलेला माणूस, आणि सर्वांत खाली झाड. माणूस आणि झाड यांच्यामध्ये, जिथे काहीही कोरलेले नाही तिथे, बोटभर रुंदीचा एक आडवा, गुळगुळीत खळगा पडला आहे. कोरलेले अक्षर पावसाने झिजत चालले आहे आणि न कोरलेला खळगा दरवर्षी खोल होत चालला आहे. लोकांनी तिथले 'काही नाही' इतके पुसले की त्याचे काहीतरी झाले.

वसंतात, छिंगमिंगच्या म्हणजे पूर्वजांच्या सणाआधी, नव्या पानांची पहिली खुडणी होते. त्या दिवशी गावात ढोल वाजतात आणि शिळेसमोर टेबले मांडली जातात. ज्याच्या हातून वर्षभरात काही चुकले असेल त्याने त्या दिवशी चहा ओतायचा, चहात बोट बुडवून टेबलावर एक आडवी रेघ ओढायची आणि म्हणायचे, "चूक झाली." समोरच्याने ती रेघ बोटाने पुसायची आणि पेला उचलायचा. पुसली की विषय संपला. त्यावर पुन्हा बोलायचे नाही, शेजारणीशीसुद्धा नाही. जाता जाता दोघांनी शिळेवरच्या त्या खळग्यावरून एकदा बोट फिरवायचे. इतका कडक नियम असूनही त्या दिवशी गावात जत्रेसारखी गर्दी असते.

ही चाल कुठून आली ते यू बाई सांगतात. त्यांनी गावच्या शाळेत एकेचाळीस वर्षे मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली. त्या निवृत्त झाल्या. आवाज अजून नोकरीत आहे. ढोल थांबले की त्या शिळेजवळ उभ्या राहतात, छत्रीचे टोक खळग्यावर टेकवतात आणि पाहुण्यांना म्हणतात, "पाचवीत असल्यासारखे बसा."

गेल्या वर्षी त्या पाहुण्यांत इचलकरंजीचे श्रीपाल मगदूम आणि त्यांची पत्नी पद्मजा हे दोघे होते. मगदूमांचा यंत्रमागाच्या सुट्या भागांचा व्यापार. वीस वर्षे चीनला ये-जा करून ते चिनी बोलायला शिकले होते, आणि आपल्याला वाचायलाही येते असे त्यांचे स्वतःचे मत होते. त्या सकाळी त्यांनी थांब्याच्या पाटीवरचे गावाचे नाव वाचले आणि दोघे बसमधून उतरले. गाव दुसरेच निघाले. दोन्ही नावांत कुंचल्याच्या एका फटकाऱ्याचा फरक होता. बस तोवर वळणाआड गेली होती. पुढे सात किलोमीटर चढ होता आणि पद्मजाबाईंच्या पायात नव्या चपला होत्या.

"चुकलं ना?" त्या म्हणाल्या.

"चुकलं कसं? मुद्दाम उतरलो. चालल्याशिवाय डोंगर कळत नाही."

मग सात किलोमीटर दोघांत शब्द नव्हता. शिळेसमोर बसल्यावर यू बाई जे सांगत ते मगदूम मराठीत करून देत होते, पण नजर शिळेवर ठेवून. जणू मराठी शिळेलाच हवे होते.

ही गोष्ट फार जुनी आहे, असे यू बाई सांगतात. इतकी जुनी की तेव्हा चहाला चहा हा शब्दच नव्हता. त्या पानाला 'थू' म्हणत.

इथे पद्मजाबाई हसल्या. बाईंना कारण कळेना, तेव्हा मगदूमांना तोंड फिरवून थुंकण्याचा अभिनय करून दाखवावा लागला. बाईंनी गंभीरपणे मान हलवली. "मग शब्द बरोबरच होता," त्या म्हणाल्या. थू म्हणजे कडू पाला. कडू रानभाजी, ती थू. कडू औषधी मुळी, तीही थू. टेकडीवरच्या सतरा झाडांचे पान उकळून लोक पीत, तेही थूच. एका शब्दात इतके कडू कोंबल्यावर कधीतरी घोटाळा होणारच होता.

राजधानीत तेव्हा एक बादशहा होता. कोणता, ते कोणी विचारत नाही. आख्यायिकेतल्या बादशहाला नाव दिले की इतिहासवाले भांडायला येतात. एका मेजवानीनंतर या बादशहाच्या पोटात कळ उठली आणि ती तीन दिवस राहिली. मेजवानीत बत्तीस पदार्थ होते. राजवैद्याची एकतीस पदार्थांच्या आचाऱ्यांशी ओळख होती, म्हणून बत्तिसावा पदार्थ दोषी ठरला, आणि तो कडू पाल्याचा होता. लगेच फर्मान सुटले. राज्यात जिथे जिथे थू उगवत असेल तिथून तो मुळासकट खणून जाळावा. प्रत्येक गावच्या कारकुनाने आपल्या हद्दीत थू आहे की नाही, ते सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावे.

या गावच्या कारकुनाचे नाव होते फांग. फांग म्हणजे चौकोन, आणि माणूस आडनावाला जागणारा होता. त्याचे मेज चौकोनी, दौत चौकोनी, आणि जेवणातल्या भाताचा ढीगही तो काडीने चौकोनी करून घेई म्हणे. तीस वर्षांत त्याच्या हातून एक अक्षर चुकले नव्हते, कागदावर शाईचा एक ठिपका पडला नव्हता. हे गावात सर्वांना ठाऊक होते, कारण फांग ते सर्वांना सांगत असे. वरच्या कचेरीतल्या नक्कलखान्यात मुख्य लेखनिकाची जागा रिकामी होणार होती, आणि ती त्यालाच मिळणार याबद्दल शंका नव्हती. निदान त्याला नव्हती.

टेकडीवरची झाडे तानवहिनीची. तिचा नवरा फांगचा बालमित्र होता, म्हणून ती वहिनी आणि हा भावोजी. मित्र वारला आणि लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला. त्या दोन वर्षांत तानवहिनीने खालच्या ओढ्यावरून कावडीने पाणी वाहून सतराच्या सतरा झाडे जगवली. उजव्या खांद्यावर त्या कावडीचा घट्टा कायमचा राहिला. पुढे त्याच पानांवर गाव तगले. घाट चढून येणारा प्रत्येक वाटसरू त्या गरम पाण्यासाठी इथे थांबू लागला. रोज दुपारी, सूर्य डोक्यावर आला की, तानवहिनी एक वाडगा कचेरीत नेई आणि फांगच्या मेजाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवी. "गरम आहे," एवढेच म्हणे. तो वाडगा रिकामा करी आणि काहीच म्हणत नसे. असे अकरा वर्षे चालले होते.

फर्मान आले त्या दिवशी ती वाडग्याशिवाय, सकाळीच आली.

"भावोजी, फर्मान ऐकलं."

"फर्मान ऐकायचं नसतं, वाचायचं असतं. मी वाचलं."

"मग काय लिहिणार?"

"आहे ते."

"वरती बाराही महिने धुकं असतं. सतरा झाडं आहेत का सात, कोण बघायला जातंय? एखाद्या कागदावर नसली, तर नसली."

"मी नाही लिहिलं आणि ती असली, तर कागद खोटा ठरेल, वहिनी."

"आणि कागद खरा ठरला, तर झाडं जातील."

फांगने मेजावरच्या कागदाकडे पाहिले. या वाक्यासाठी त्यात रकाना नव्हता. तानवहिनी निघून गेली.

त्याने मसुदा केला आणि स्वच्छ प्रत लिहायला घेतली. दुपार झाली. आज वाडगा येणार नाही असे त्याने धरले होते. पण सूर्य डोक्यावर आला आणि तानवहिनीही आली. जो माणूस तिची झाडे कागदावर तोडत होता त्याच्या डाव्या हाताशी तिने नेहमीसारखा वाडगा ठेवला आणि नेहमीसारखेच म्हणाली, "गरम आहे."

तेव्हा फांग त्या शब्दाच्या मध्यावर होता. 'या टेकडीवर सतरा जुनी झाडे आहेत,' इथवर झाले होते, आणि ती कशाची, ते लिहिणे चालू होते. गवत काढून झाले होते. माणूस काढून झाला होता. आता एक आडवी रेघ, मग झाड, की संपले. तिच्याकडे बघायला नको म्हणून त्याने डाव्या हाताने वाडगा उचलला आणि घाईने मोठा घोट घेतला. जीभ पोळली. उजव्या हातातला कुंचला थरथरला आणि त्याच्या टोकाशी शाईचा थेंब लोंबू लागला. पण तीस वर्षांचा हात तो. कागदावर पडण्याच्या आत त्याने तो थेंब दौतीच्या कडेला टिपला. ठिपका वाचला याचे त्याला इतके समाधान वाटले, की त्या समाधानातच त्याने खालचे झाड काढून टाकले.

ठिपका वाचला. रेघ राहिली.

एरवी तो प्रत्येक कागद दोनदा तपासत असे. त्या दिवशी ते वाक्य पुन्हा वाचायची त्याला इच्छा झाली नाही. त्याने शिक्का मारला आणि कागद रवाना केला.

विसाव्या दिवशी तपासनीस वेई साहेब आले. बरोबर चाळीस गावांतून गोळा केलेले चाळीस कुऱ्हाडीवाले. सगळे गाव या शिळेभोवती गोळा झाले. शिळा तेव्हा कोरी होती. कुऱ्हाडींना धार लावल्याचा आवाज चारी बाजूंनी येत होता आणि मधून मधून माथ्यावरचे धुके विरळ होऊन झाडे दिसत होती, नेमकी त्याच दिवशी. वेई साहेब कडक खरे, पण कागद वाचल्याशिवाय काही न करणारे होते. त्यांनी फांगचा कागद उलगडला आणि रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचू लागले. "या टेकडीवर सतरा जुनी झाडे आहेत..." आणि थांबले. कागद उन्हाकडे धरला, मग डोळ्यांजवळ नेला.

"फांग, हे काय लिहिलंय?"

फांगने पाहिले. आपले सुंदर, चौकोनी अक्षर पाहिले. वर गवत, खाली झाड, मध्ये माणूस. आणि जिथे रेघ हवी होती तिथे पांढरा कागद.

वेई साहेब दुष्ट नव्हते. "लिहिताना रेघ राहिली असेल. होतं असं," ते म्हणाले. "चूक झाली म्हण, वेताचे वीस फटके खा, रेघ ओढ. म्हणजे माझी माणसं कामाला लागतील." आणि त्यांनी स्वतःचा शाईत बुडवलेला कुंचला त्याच्यापुढे धरला.

सगळे गाव त्या कुंचल्याकडे बघू लागले. एका बाजूला सतरा झाडे आणि दुसऱ्या बाजूला एक रेघ, बोटभर लांबीची. तानवहिनी गर्दीत पुढेच उभी होती. फांगने तोंड उघडले.

यू बाई या ठिकाणी नेहमी थांबतात. पाहुणे पुढे सरकून बसतात. गावातले लोक म्हणतात, त्या क्षणी फांगला तानवहिनीचा खांदा आठवला आणि त्याने मनाशी निश्चय केला. यू बाईंना हे पटत नाही. एकेचाळीस वर्षे त्यांनी पोरांच्या चुका तपासल्या आहेत आणि त्याहून जास्त मास्तरांच्या पाहिल्या आहेत. त्यांच्या मते फांगला खांदा आठवला नाही, झाडेही आठवली नाहीत. त्याला फक्त एवढे कळले, की 'चूक झाली' हे दोन शब्द आपल्या तोंडाने आजवर कधी उच्चारलेले नाहीत, आणि चाळीस अनोळखी माणसांसमोर नवी सवय लावून घेणे आपल्याला जमणार नाही.

"चूक नाही," फांग म्हणाला.

धार लावण्याचे आवाज थांबले. कुऱ्हाडीवाल्यांनी कुऱ्हाडी खाली टेकवल्या. असे काही त्यांनी आजवर पाहिले नव्हते. पाठीमागची माणसे पुढच्यांच्या खांद्यांवर हात टेकून उंच होऊ लागली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी विचारले, काय म्हणाला? आणि कळल्यावर पुन्हा विचारले.

"चूक नाही? मग हे अक्षर कोणत्या कोशात आहे?"

"कोशात नाही, साहेब. टेकडीवर आहे."

"फांग, नीट विचार कर. चुकीला वीस फटके आहेत. बादशहाच्या कागदावर मनचं अक्षर बनवलंस असं ठरलं, तर उजव्या हाताचा अंगठा जाईल."

फांगने विचार केला. पण आता माघार घ्यायची तर दोन चुका कबूल कराव्या लागल्या असत्या. ज्याला एक जमली नाही त्याला दोन कुठून जमणार? "चूक नाही," तो पुन्हा म्हणाला.

"ठीक. मग वाचून दाखव."

ही अडचण त्याच्या लक्षातच आली नव्हती. अक्षर होते, उच्चार नव्हता. बोलावे तर काय बोलावे? आणि सूर्य डोक्यावर आला.

तानवहिनी गर्दीतून सरळ पुढे आली. हातात वाडगा होता. तपासनीस असो की चाळीस कुऱ्हाडी, दुपार झाली होती. तिने वाडगा फांगच्या डाव्या हातात दिला आणि म्हणाली, "गरम आहे."

तेवढाच वेळ मिळावा म्हणून फांगने तो तोंडाला लावला आणि पुन्हा तेच केले, घाईने मोठा घोट घेतला. पोळलेली जीभ टाळूला चिकटून सुटली, "च्च..." आणि मग घोट पोटात उतरला, ऊब छातीत पसरली आणि आपोआप सुस्कारा बाहेर पडला, "...हाऽ."

साहेबांचा लेखनिक खाली मांडी घालून, कुंचला सरसावून बसलाच होता. लेखनिकाने ऐकलेले लिहायचे असते. त्याने लिहिले: उच्चार, च-हा.

पुढे चीनमध्ये त्यातला 'हा' गळाला आणि नुसता 'चा' उरला, असे यू बाई सांगतात. नकलेवरून नक्कल केली की काहीतरी गळतेच.

"चहा," वेई साहेबांनी शब्द तोंडात घोळवला. "आणि अर्थ?"

फांगने कागदाकडे पाहिले. तीस वर्षांत त्याने लाखो अक्षरे लिहिली होती. एखाद्या अक्षराकडे बघत बसण्याची वेळ ही पहिलीच. "वर गवत आहे," तो सावकाश म्हणाला. "खाली झाड आहे. मध्ये माणूस आहे. थू लिहितात तेव्हा माणूस आणि झाड यांच्यामध्ये एक रेघ येते, साहेब." त्याची नजर तानवहिनीच्या उजव्या खांद्यावर गेली, आणि यू बाईंच्या मते ती त्या दिवशी तिथे पहिल्यांदाच गेली. "इथल्या माणसांच्या आणि झाडांच्या मध्ये काही नाही."

गर्दीत कोणीतरी नाक ओढले. वेई साहेबांवर मात्र परिणाम झाला नाही. भाषणे त्यांनी पुष्कळ ऐकली होती. "फर्मान कडू पाल्याबद्दल आहे," ते म्हणाले. "थू कडू असतो. मी स्वतः पिऊन बघतो. कडू लागलं तर रेघ मी ओढीन. मग झाडंही गेली आणि तुझा अंगठाही."

सगळे गाव एकमेकांकडे बघू लागले. कारण ते पान कडू होते. ते कडू आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तानवहिनीने दुसरा वाडगा भरला.

वेई साहेबांनी घोट घेतला. त्यांचे कपाळ आवळले, भुवया जवळ आल्या, मिश्यांची टोके खाली गेली.

"कडू," ते म्हणाले.

चाळीस कुऱ्हाडी एकदम उचलल्या गेल्या. साहेबांनी कुंचला शाईत बुडवून कागदावर आणला.

"साहेब," फांग म्हणाला, "अजून मजकूर पुरा झालेला नाही."

"म्हणजे?"

"पूर्ण मजकूर वाचल्याशिवाय शेरा मारू नये, असं परिपत्रक आहे. घोट गिळा आणि थांबा."

परिपत्रक खरेच होते. ते आदल्याच वर्षी निघाले होते आणि खाली सही वेई साहेबांची होती. माणूस बादशहाचा हुकूम एक वेळ मोडेल, स्वतःचे परिपत्रक मोडणार नाही. त्यांनी घोट गिळला आणि कुंचला अधांतरी धरून थांबले. गावाने श्वास मोजायला सुरुवात केली. आधी मनात, मग पुटपुटत, मग उघड. पाच झाले, साहेबांचे कपाळ तसेच. दहा झाले, भुवया सुटल्या. चौदाव्याला त्यांनी जीभ टाळूवरून फिरवली, जणू काहीतरी हरवलेले शोधत असावेत. अठराव्याला पुन्हा फिरवली. विसाव्या श्वासाला मिश्यांची टोके आपोआप वर आली, आणि हातातल्या कुंचल्याचे त्यांना भान राहिले नाही. शाईचा थेंब निसटला आणि टप्पकन कागदावर पडला. फांगच्या कागदावरचा तो पहिला ठिपका, आणि तोही तपासनिसाचा.

"गोड," वेई साहेब हळूच म्हणाले. "मागून गोड येतंय. घशातून."

"जी, साहेब."

"थू कडू येतो आणि कडूच बसतो. हे कडू आलं आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिले आणि उरलेला वाडगा रिकामा केला. मग ठिपक्याला वळसा घालून त्यांनी शेरा लिहिला: या गावी थू नाही. चहा आहे.

पुढचे सांगताना यू बाईंना छत्री दोन्ही हातांनी हलवावी लागते. टोपल्या पालथ्या घालून लोकांनी ढोलासारख्या बडवल्या. चाळीस कुऱ्हाडीवाल्यांनी रांग लावली; वाडगे संपले तेव्हा त्यांनी ओंजळी पुढे केल्या, जिभा भाजून घेतल्या, आणि टेकडीवरून चाळीस तोंडांतून एकच आवाज घुमला, "च्च... हाऽ." नवा शब्द एका दुपारी चाळीस गावांना पोचायची सोय झाली.

फक्त फांगला वेई साहेबांनी बाजूला घेतले. "अक्षर मी मान्य केलं," ते म्हणाले. "तुला मान्य करता येत नाही. चूक असेल, तर तू चुकणारा कारकून. नसेल, तर अक्षरं बनवणारा. नक्कलखान्यात दोघांनाही जागा नाही, आणि या कचेरीतही नाही." त्यांनी हात पुढे केला. फांगने आपला कुंचला आणि शिक्का त्या हातावर ठेवला. ठेवतानाही तो त्यांना काटकोनात ठेवायला विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तानवहिनी वाडगा घेऊन कचेरीत गेली तर मेज रिकामे. फांग ओढ्यावर सापडला. खांद्यावर कावड घेऊन उभा होता, आणि अर्धे पाणी त्याच्याच पायांवर सांडले होते. ती हसली नाही, असे सांगतात. तिने कावड दुसऱ्या खांद्यावर घ्यायला शिकवले.

वर्षभराने गावाने ठरवले की या शिळेवर ते अक्षर कोरावे. लिहिणार कोण? फांगच. मागून आणलेल्या कुंचल्याने त्याने शिळेवर गवत काढले, माणूस काढला, आणि तीस वर्षांचा हात तो, त्याने सरळ एक आडवी रेघ ओढली. फांग स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. तानवहिनीने पुढे होऊन ती रेघ बोटाने पुसून टाकली.

"ओली आहे तोवर पुसता येते, भावोजी," ती म्हणाली.

फांग तिच्या बोटावरच्या शाईकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, चूक झाली."

"आत्ताची?"

"तेव्हाची."

"ठाऊक आहे मला," तानवहिनी म्हणाली. "मुद्दाम सोडली असतीत, तर दोनदा तपासली असतीत." आणि तिने वाडगा पुढे केला. "गरम आहे."

फांगने या वेळी फुंकर घातली, सावकाश प्याला आणि म्हणाला, "चांगला आहे." इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच म्हणाला.

तेव्हापासून या गावात चुकीची कबुली चहाबरोबर द्यायची चाल पडली, असे सांगतात. पंडितांचे म्हणणे असे, की ते अक्षर कोणा एकाने बदलले नाही. कित्येक पिढ्यांत, हळूहळू बदलत गेले. पंडितांना सगळेच हळूहळू झालेले आवडते. यू बाई त्यांना दरवर्षी बोलावतात, पण नव्या चहाच्या दिवशी कबुली द्यायला अजून एकही पंडित आलेला नाही.

गोष्ट संपली. मगदूमांचे भाषांतर काही वाक्ये मागे होते. "आणि मग तो म्हणाला," त्यांनी शिळेला सांगितले, "चूक झाली."

"कोण म्हणालं?" पद्मजाबाईंनी विचारले.

"फांग."

"बरं."

ढोल पुन्हा सुरू झाले. आजूबाजूच्या टेबलांवर रेघा ओढल्या जात होत्या, पुसल्या जात होत्या. एका टेबलावर दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या रेघा पुसण्यावरून नव्याने भांडत होते. मगदूमांनी किटलीतून पत्नीच्या पेल्यात चहा ओतला. थोडा वेळ पेल्याकडे बघितले. मग चहात बोट बुडवून टेबलावर एक आडवी रेघ ओढली.

"पाटी चुकीची वाचली," ते म्हणाले. "चुकलं माझं."

पद्मजाबाईंनी बोट पुढे केले. पण रेघ पुसण्याऐवजी ते चहात बुडवले आणि नवऱ्याने ओढलेल्या रेघेखाली, तिलाच लोंबती, दोन अक्षरे काढली. चहा. मग पेला उचलून एक घोट घेतला.

यू बाई टेबलाशी येऊन थांबल्या होत्या. "यांनी पुसली का नाही? हे काय लिहिलंय?"

"आमच्या भाषेत या पेयाला म्हणतात ते," मगदूम म्हणाले. "चहा."

"पुन्हा म्हणा."

"चहा."

"त्यातला 'हा' तुमच्याकडे अजून आहे?" बाई मटकन बाकावर बसल्या. मग वाकून त्यांनी ती ओली अक्षरे जवळून पाहिली, छत्रीचे टोक वरच्या रेघेकडे नेले. "आणि ही? ही कशाला?"

"तिच्याशिवाय आमच्याकडे शब्दच होत नाही. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर असते."

यू बाईंनी शिळेवरच्या खळग्याकडे पाहिले, टेबलावरच्या रेघेकडे पाहिले, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या भांडणाऱ्या भावांना एकेचाळीस वर्षांच्या आवाजात हाक मारून दोघांना बघायला बोलावले. त्यांच्यामागून सगळे गावच आले. उन्हाने रेघ वाळेपर्यंत लोक तिच्याभोवती उभे होते. पुसली कोणीच नाही.

आजही छुए-यीच्या माथ्यावर ती सतरा झाडे उभी आहेत, आणि आजही त्या शिळेवर माणूस आणि झाड यांच्यामधला खळगा बोटाबोटाने खोल होत आहे. फक्त यू बाई आता छत्री मिटता मिटता गोष्टीच्या शेवटी एक वाक्य जास्त सांगतात. आमची पुसलेली रेघ वाया गेली नाही. ती डोंगर उतरून दूर एका मुलखात गेली आणि तिथल्या लोकांनी तिला चहाच्या डोक्यावर बसवले, म्हणे.